पेन्सिल पॅकिंगचं 'घरबसल्या काम' खरं नाही

'घरबसल्या पेन्सिल पॅकिंग करा, महिना ३० हजार कमवा' हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. लहान मूल सांभाळणाऱ्या आया हमखास त्याला भुलतात, म्हणून स्पष्ट सांगते: असं काम नसतं. पाच रुपयांची पेन्सिल डबीत भरायला कारखान्यात यंत्रं असतात. तेवढ्यासाठी माल तुमच्या घरी पाठवून परत नेणं कुठल्याच कंपनीला परवडणार नाही.

आधी नोंदणीचे काही शे रुपये मागतात. मग ओळखपत्र, कुरिअर, जीएसटी असं एकेक निघत राहतं आणि माल काही येत नाही. नामवंत कंपनीचा लोगो असला तरी विश्वास ठेवू नका, तो कुणीही चिकटवतो.

घरून करायचं खरं काम कसं चालतं ते लिज्जतमध्ये बघा. १९५९ मध्ये गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन ते सुरू केलं. केंद्रात मळलेलं पीठ सभासद बहिणी घरी नेतात, पापड लाटून परत देतात आणि वजनाप्रमाणे मजुरी घेतात.

पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. लवकर कळवलं तर रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त असते.