मिडवेची ती 'पाच मिनिटं'

४ जून १९४२, दुसऱ्या महायुद्धातली मिडवेची लढाई, पॅसिफिकमधल्या मिडवे बेटाजवळ जपान विरुद्ध अमेरिका. किस्सा असा फिरतो की जपानी कॅरियर्सच्या (विमानवाहू जहाजांच्या) डेकवर हल्ल्याची विमानं इंजिनं चालू करून उभी होती, अजून पाच मिनिटं मिळाली असती तर सगळी उडालीच असती, आणि नेमकी तेव्हाच अमेरिकन डाइव्ह बॉम्बर्सनी (सूर मारून बॉम्ब टाकणाऱ्या विमानांनी) वरून झडप घातली. ऐकायला भारी आहे पण तसं झालेलं नाही!

ही गोष्ट पसरवली मित्सुओ फुचिदाने, पर्ल हार्बरचा हल्ला ज्याने लीड केला तोच, मिडवेला अपेंडिक्सच्या ऑपरेशनमुळे अकागी या जपानी कॅरियरवरच होता. पण त्या दिवशी डेकवर सकाळभर झीरो फायटर्सची (जपानी लढाऊ विमानांची) ये-जा चालू होती, एकामागून एक अमेरिकन हल्ले येत होते ना, म्हणून ते उतरायचे, गोळ्या भरायचे, परत उडायचे. त्यामुळे हल्ल्याची विमानं अजून खाली हँगरमध्ये, टॉर्पेडोसकट. ती लिफ्टने वर आणून, रांगेत लावून, इंजिनं गरम करायला पाऊण तास तरी जायचा, मग कसली पाच मिनिटं? अकागीला थेट लागलेला बॉम्ब एकच, पण तो हँगरमध्ये फुटला आणि तिथल्या इंधन-दारूगोळ्याने बाकीचं काम केलं. जपानच्या स्वतःच्या अधिकृत युद्ध-इतिहासानेही ही गोष्ट १९७१ मध्येच खोडलीये, तरी इंग्रजी पुस्तकांत ती पुढे कित्येक वर्षं चालूच राहिली.