एफएमची खरखर आणि पाव मिलिसेकंद

डिजिटल रेडिओचा विषय निघाला की हमखास कोणीतरी म्हणतं, झालं, आता एफएम बंद, घरातला रेडिओ भंगारात. असं काहीही ठरलेलं नाहीये. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई, पुणे, नागपूर धरून १३ मोठ्या शहरांसाठी ज्या शिफारशी केल्या त्यात जुनं ॲनालॉग चॅनेल (म्हणजे आपलं आत्ताचं एफएम) चालूच ठेवायचं आणि त्याच्या जोडीला ३ डिजिटल चॅनेल आणि १ डेटा चॅनेल द्यायचं असं आहे. ॲनालॉग कधी थांबवायचं ते नंतर बघू, म्हणतात.

आकाशवाणीने २०२१ मध्येच दिल्लीत एफएमच्या पट्ट्यात डीआरएम नावाच्या डिजिटल रेडिओच्या तंत्राची चाचणी घेतली होती. अशा चाचणीत मुख्य काम म्हणजे रिसीव्हर गाडीत घालून शहरभर फिरायचं आणि सिग्नल कुठे तुटतो ते नोंदवत जायचं, कारण डिजिटलचा स्वभावच वाईट, एफएम हळूहळू खरखरत जातं पण हे छान वाजता वाजता एकदम गप्प होतं.

मुंबईत गाडीत एफएम ऐकताना सिग्नलला थांबलो की खरखर होते, हातभर पुढे गेलो की परत नीट, हे सगळ्यांनी अनुभवलंय. टॉवरकडून सरळ आलेली लहर आणि बिल्डिंगवर आपटून उशिरा आलेली लहर एकमेकींना मारतात म्हणून. हा उशीर किती, तर ३ किलोमीटरचा वळसा पडला तर ०.०१ मिलिसेकंद.

आता डीआरएमची गंमत बघा (मला हा भाग भयंकर आवडतो). सगळा डेटा एकाच लहरीवर भरभर पाठवण्याऐवजी ९६ किलोहर्ट्झमध्ये २१३ बारीक वाहक लहरी मांडतात आणि प्रत्येकीवर अगदी सावकाश पाठवतात. मोठ्या रिकाम्या हॉलमध्ये आपण हळू बोलतो ना, म्हणजे आधीच्या शब्दाचा प्रतिध्वनी विरेपर्यंत पुढचा शब्द येत नाही, तसं. एक सिम्बॉल, म्हणजे एका वेळी पाठवलेला डेटाचा तुकडा, २.५ मिलिसेकंदांचा, त्यातले सुरुवातीचे ०.२५ मिलिसेकंद राखीव. तेवढ्या वेळात प्रकाशाच्या वेगाने ७५ किलोमीटर होतात, म्हणजे इतक्या वळशाचा प्रतिध्वनीसुद्धा पुढच्या सिम्बॉलमध्ये घुसत नाही!

पण ही राखीव जागा कोरी ठेवून चालत नाही. शेजारशेजारच्या वाहकांत साधारण ४४४ हर्ट्झचं अंतर असतं, म्हणजे उरलेल्या २.२५ मिलिसेकंदांत एकीचं बरोबर एक आवर्तन जास्त होतं आणि त्यामुळेच गणित करताना शेजारणीचा हिशोब शून्य होतो. उशिरा आलेल्या लहरीत मध्येच रिकामी जागा आली तर आवर्तन अर्धवट राहील आणि शून्य काही येणार नाही. म्हणून सिम्बॉलचं शेपूट कॉपी करून पुढे चिकटवतात, मग कुठूनही मोजा, आवर्तन पूर्णच मिळतं. प्रतिध्वनीने लहरीची फक्त उंची आणि फेज (म्हणजे ती किती पुढेमागे सरकली ते) बदलते, ती रिसीव्हर आधीच ठाऊक असलेल्या संदर्भ लहरी बघून दुरुस्त करतो. काही वाहक तरीही मरतातच, पण डेटा विखरून पाठवलेला असतो त्यामुळे बाकीच्यांवरून भरून काढता येतो.

यातून फुकटात मिळालेला फायदा म्हणजे दोन टॉवर एकाच फ्रिक्वेन्सीवर, जीपीएसच्या घड्याळाने वेळ जुळवून, तोच कार्यक्रम पाठवू शकतात. रिसीव्हरला दुसरा टॉवर म्हणजे अजून एक प्रतिध्वनी, बस.

मोबाइलवर थेट प्रक्षेपण म्हणजे डी-टू-एम, त्याच्या २०२३ मधल्या बंगळुरू, नोएडा आणि कर्तव्य पथावरच्या चाचण्याही याच जातीच्या तंत्रावर झाल्या. पण "बिना इंटरनेट टीव्ही, फक्त अपडेट मारा" वाले व्हिडिओ बघून फसू नका, फोनमध्ये त्या फ्रिक्वेन्सीचा वेगळा ट्यूनर लागतो, तो सॉफ्टवेअरने उगवत नाही. आणि "आज रात्री कॉस्मिक किरणं येणार, मोबाइल लांब ठेवा" असं पाठवणारे काका आता टॉवर वाढले म्हणून घाबरवायला येतीलच, त्यांना सांगा की एफएमचे टॉवर कित्येक वर्षं रेडिओ लहरीच सोडतायत.

माझी शंका वेगळीच आहे. दूरदर्शनने २०१६ मध्ये मुंबई आणि तेव्हाचं औरंगाबाद धरून १६ शहरांत मोबाइल टीव्ही सुरू केला होता, त्यासाठी फोनला वेगळा डोंगल लावायला लागायचा. तुमच्या ओळखीत कोणी घेतला होता का? मीडियम वेव्हवरही आकाशवाणीचे डीआरएम ट्रान्समीटर आहेत, काही नव्या गाड्यांत ते ऐकू येतं, पण नाक्यावरच्या दुकानात स्वस्तातला डीआरएम रेडिओ मागून बघा, दुकानदार नुसता बघत राहील. त्यामुळे चाचणीत गणित पास होणार यात मला शंका नाही, हजार रुपयांच्या आत रेडिओ कोण विकणार ते आधी सांगा.