ओझर्डे धबधबा : अभयारण्यातील प्रवेश, परवानगी आणि कागदपत्रे

पाटण तालुक्यातील नवजा गावाजवळचा ओझर्डे धबधबा पावसाळ्यात भरात असतो. मात्र तो कोयना अभयारण्यात, म्हणजेच २०१० मध्ये घोषित झालेल्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत येत असल्यामुळे तेथील प्रवेशाला वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागू होतो. कलम २७ नुसार कर्तव्यावरील लोकसेवक, हद्दीत स्थावर मालमत्तेचा हक्क असलेल्या व्यक्ती व त्यांच्यावर अवलंबून असणारे, तसेच सार्वजनिक महामार्गाने जाणारे यांना सूट आहे. इतरांना कलम २८ खालील परवाना आवश्यक असून पर्यटन, छायाचित्रण, वन्यजीवांचा अभ्यास आणि वैज्ञानिक संशोधन हे त्यासाठीचे मान्य हेतू आहेत.

पर्यटकासाठी ही प्रक्रिया सोपी आहे. वनविभागाच्या नाक्यावर छायाचित्र असलेले ओळखपत्र दाखवून, नोंद करून आणि शुल्क भरून पावती घ्यावी; वाहनाची कागदपत्रे जवळ असावीत, आणि मूळ ओळखपत्र प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावे, कारण नवज्याच्या पावसात खिशातला कागद टिकत नाही. संशोधनासाठी जाणाऱ्यांनी मात्र हेतू, कालावधी, ठिकाण आणि सोबतच्या व्यक्तींची नावे नमूद करून, संस्थेच्या पत्रासह आधीच लेखी अर्ज करावा.

अनेकांची गल्लत होते ती पुढच्या टप्प्यावर. वनविभागाची पावती ही धबधबा पाहण्याची परवानगी असते, डोहात उतरण्याची नव्हे. शिवाय अतिवृष्टीच्या काळात जिल्हा प्रशासन भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली (पूर्वीचे कलम १४४) धबधब्यांवर मनाई आदेश काढू शकते, आणि असा आदेश लागू असताना हातातली पावती उपयोगी पडत नाही. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी तहसील कार्यालयाकडे किंवा पोलीस ठाण्याकडे चौकशी करावी. पोहोचल्यावर वाद घालण्यापेक्षा ते बरे.

मनाई नसली तरी पाण्याकडे लक्ष असावे. वर डोंगरात सर आली की खाली ऊन असतानाही नितळ पाणी क्षणात तांबूस होते, त्यात पाने आणि काटक्या वाहत येतात. असे दिसताच काठ सोडावा, कारण शेवाळलेल्या कातळावरून नंतर धावता येत नाही. अभयारण्यात शस्त्र नेण्यास व आग लावण्यास कायद्यानेच बंदी असल्याने चूल पेटवण्याचा बेत करू नये. तपासणीत दाखवावी लागू शकते, म्हणून नाका ओलांडून बाहेर पडेपर्यंत पावती जपून ठेवावी.