थॉमस फ्लायर

न्यूयॉर्क ते पॅरिस ही १९०८ ची मोटारशर्यत जिंकणारी अमेरिकी मोटार. बफेलोच्या ई. आर. थॉमस कंपनीने ती १९०७ मध्ये बांधली. मॉडेल ३५, चार सिलिंडर, ६० अश्वशक्ती. मागची चाके साखळीने फिरतात. १९०५ ते १९१८ या काळातल्या गाड्यांना जुन्या मोटारींचे जाणकार ‘एडवर्डियन’ म्हणतात, त्यांतली ही एक.

१२ फेब्रुवारी १९०८ रोजी टाइम्स स्क्वेअरमधून सहा गाड्या सुटल्या : तीन फ्रेंच, एक जर्मन, एक इटालियन आणि ही. बर्फ आणि चिखल तुडवत ती ४१ दिवसांत सॅन फ्रान्सिस्कोला पोचली. भर हिवाळ्यात अमेरिका ओलांडणारी ही पहिलीच मोटार. पुढे जपान, व्लादिवोस्तॉक, सायबेरिया करत ३० जुलैला ती पॅरिसला आली. वेशीवर पोलिसाने दिवा नाही म्हणून गाडी अडवली. एका सायकलवाल्याने आपला दिवा देऊ केला, पण तो सायकलवरून निघेना. शेवटी दिव्यासकट सायकलच गाडीवर चढवली. जर्मनांची प्रोटोस चार दिवस आधी पोचली होती, मात्र वाटेतला एक टप्पा तिने रेल्वेने पार केला होता. तो दंड आणि ठरल्या मार्गाप्रमाणे अलास्काला जाऊन परतावे लागल्याबद्दल थॉमसला मिळालेली सवलत धरून विजय थॉमसचा ठरला.

विजयाने कंपनी मात्र तरली नाही. १९१३ मध्ये तिची मालमत्ता लिलावात निघाली आणि ही गाडी बफेलोच्याच सी. ए. फिनेगन यांनी घेतली. नंतर ती लाँग आयलंडचे संग्राहक हेन्री ऑस्टिन क्लार्क यांच्याकडे आली. १९६४ मध्ये ती नेव्हाडा राज्यातल्या रीनोचे कॅसिनोमालक बिल हॅरा यांनी विकत घेतली.

पण ही तीच गाडी कशावरून? कंपनीने त्या नमुन्याच्या आणखीही गाड्या विकल्या होत्या. न्यूयॉर्कपासून पॅरिसपर्यंत अथपासून इतिपर्यंत तिच्यासोबत असलेला एकच माणूस होता, जॉर्ज शूस्टर. नव्वदी ओलांडलेल्या शूस्टरना हॅरांनी रीनोला बोलावले. नुसते वरवर पाहून ते हो म्हणायला तयार नव्हते. गाडी खोलायला घेतली, सांगाडा उघडा पडला आणि वाटेत मोडतोड झाल्यावर आपण केलेली डागडुजी त्यांना दिसली. आपल्या हातचे काम त्यांनी ओळखले. मालकीचे कागद विक्रीची साखळी दाखवतात. गाडी हीच, हे सांगायला हे सांधेच लागले.

म्हणूनच तिचा जीर्णोद्धार वेगळा ठरतो. जुनी गाडी दुरुस्त करायची म्हणजे सहसा ती कारखान्यातून बाहेर पडल्यासारखी चकाचक करायची. हॅरांनी तसे करू दिले नाही. पॅरिसला पोचली त्या दिवशी ती जशी होती, तशीच उभी करा, असा त्यांचा आग्रह होता. तो अगदी योग्य होता. नव्या रंगाखाली शर्यतीच्या खुणा झाकल्या असत्या, तर उरली असती १९०७ ची आणखी एक सुंदर मोटार.

हॅरा १९७८ मध्ये वारले. त्यांच्या सुमारे १,४०० गाड्यांच्या संग्रहातल्या बहुतेक पुढे लिलावात गेल्या. ही रीनोतच राहिली आणि १९८९ मध्ये तिथे उघडलेल्या नॅशनल ऑटोमोबाइल म्युझियममध्ये शर्यतीच्या चषकासह ठेवली आहे.