एक्मो आणि हार्ट-लंग मशीन: नवजात बाळासाठी दोन्ही एकच का?

जन्मजात हृदयदोष असलेल्या बाळाला शस्त्रक्रियेपूर्वी ‘एक्मोवर’, म्हणजे हृदय-फुफ्फुसांचे काम शरीराबाहेरून सांभाळणाऱ्या यंत्रावर, ‘ठेवावे लागेल’ असे डॉक्टर सांगतात, तेव्हा शस्त्रक्रियेत वापरतात तेच हार्ट-लंग मशीन आता अतिदक्षता विभागात आणणार, अशी अनेक पालकांची समजूत होते. ती चुकीची असली तरी निराधार नाही. दोन्हींत शिरेतले, ऑक्सिजन कमी असलेले रक्त बाहेर घेतात, पंप ते ऑक्सिजनेटरमधून ढकलतो आणि ऑक्सिजन मिसळलेले रक्त रोहिणीत परत सोडले जाते. जॉन गिबन यांनी १९५३ मध्ये हार्ट-लंग मशीन वापरून पहिली यशस्वी हृदयशस्त्रक्रिया केली. त्याच तत्त्वाच्या आधारे १९७५ मध्ये रॉबर्ट बार्टलेट यांनी एका नवजात बाळाला एक्मोवर जगवले.

हृदयातले छिद्र बुजवायचे किंवा उलट जोडलेल्या महावाहिन्या योग्य जागी बसवायच्या, तर शल्यचिकित्सकाला हृदय रिकामे आणि निश्चल लागते. म्हणून छाती उघडून हृदयालगतच्या मोठ्या वाहिन्यांना हार्ट-लंग मशीन जोडतात, महारोहिणीला चिमटा लावतात आणि पोटॅशियमयुक्त द्रावण देऊन ठोके थांबवतात. सांडलेले रक्तही शोषून यंत्राच्या टाकीत परत घेतले जाते. तेथे रक्ताचा हवेशी संबंध येत असल्याने गुठळ्या टाळण्यासाठी हेपॅरिनची मात्रा बरीच मोठी ठेवावी लागते. असे यंत्र काही तासच चालवता येते आणि शेवटी प्रोटामीन देऊन हेपॅरिनचा परिणाम उतरवतात.

एक्मोमध्ये हृदय मुद्दाम थांबवले जात नाही, आणि पालकांना हे पहिल्याच संभाषणात सांगायला हवे असे मला मनापासून वाटते. नळ्या बहुधा मानेच्या उजव्या बाजूच्या शिरेत व रोहिणीत घालतात. मार्ग बंदिस्त असल्यामुळे हेपॅरिन कमी पुरते आणि आधार कित्येक दिवस देता येतो. तरीही रक्तस्राव, विशेषतः मेंदूतला, ही मोठी भीती उरतेच. तीन किलोच्या बाळाच्या अंगात जेमतेम २५० मिलिलिटर रक्त असते, त्यामुळे नळ्या भरण्यासाठीही दात्याचे रक्त लागते.

म्हणूनच शस्त्रक्रियेआधी एक्मोची गरज थोड्याच बाळांना पडते. पुष्कळ बाळांमध्ये प्रोस्टाग्लँडिन या औषधाने डक्टस ही जन्मानंतर मिटत जाणारी वाहिनी उघडी ठेवली, लागल्यास व्हेंटिलेटर दिला, की शस्त्रक्रियेपर्यंत निभावते. महावाहिन्या उलट असल्यास फुग्याने अलिंदांमधल्या (हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या) पडद्यातले छिद्रही रुंद करतात. हे करूनही रक्तदाब टिकत नसेल, अवयवांना रक्त पुरत नसेल किंवा फुफ्फुसांतला दाब उतरत नसेल, तर एक्मोचा विचार होतो. त्याने दोष दुरुस्त होत नाही. मूत्रपिंडे, यकृत आणि मेंदू सावरेपर्यंत वेळ मिळतो. मात्र फुफ्फुसांतून रक्त परत आणणाऱ्या शिरांची वाट अडलेली असेल, तर एक्मोवर बाळ स्थिर दिसू लागल्याच्या समाधानात शस्त्रक्रिया लांबवू नये, कारण अडथळा तसाच असतो.

शस्त्रक्रियेच्या दिवशी अशा बाळाला एक्मोवरून हार्ट-लंग मशीनवर घेतात. दुरुस्तीनंतरही हृदयाला स्वतःचा भार पेलवला नाही, तर बाळ पुन्हा काही दिवस एक्मोवर जाते.