एकाच खिडकीवर आलेले तीन कायदे

अमेरिकेतल्या लहान शहरांच्या नगरपालिकांत बांधकाम परवाना, झोनिंग (म्हणजे कुठल्या भागात काय बांधता येईल हे विभाग पाडून ठरवणं) आणि नियमभंगावरची कारवाई ही तिन्ही कामं बहुतेकदा एकाच खिडकीवर चालतात. सकाळी वाढीव खोलीचा नकाशा तपासणारा माणूसच दुपारी कुणाच्या अंगणात माजलेल्या गवताची तक्रार पाहायला जातो. बाहेरून हे एकच काम वाटतं. प्रत्यक्षात ही तीन कामं वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या भीतीपोटी सुरू झाली, आणि त्यांचे नियम घडले ते मुख्यतः मोठ्या शहरांत. लहान शहरांच्या हाती नियम आयते आले, ते राबवणारी माणसं मात्र आली नाहीत. आजची बरीच ओढाताण त्यातून होते, असं माझं मत आहे.

परवान्याचं मूळ आगीत आहे. सप्टेंबर १६६६ मध्ये लंडनला लागलेल्या आगीत सुमारे १३,००० घरं जळाली. पुढच्या फेब्रुवारीत संसदेने पुनर्बांधणीचा कायदा केला. बाहेरच्या भिंती विटांच्या किंवा दगडाच्याच हव्यात, घरांचे प्रकार चार, आणि प्रत्येक प्रकाराचे मजले किती, भिंतीची जाडी किती, हे ठरवून दिलं. त्या वेळची पद्धत मला फार बोलकी वाटते. घरमालकाने आधी गिल्डहॉलमध्ये, म्हणजे शहराच्या कारभाराच्या इमारतीत, ६ शिलिंग ८ पेन्स भरायचे आणि पावती घ्यायची. ती दाखवली की सर्वेक्षक जागेवर येई आणि खुंट्या ठोकून पाया आखून देई. शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक हे त्या सर्वेक्षकांपैकी एक. आधी शुल्क, मग पावती, मग जागेवर पाहणी हा क्रम साडेतीनशे वर्षांनंतरही फारसा बदललेला नाही.

अमेरिकेत हे काम विमा कंपन्यांनी उचललं, कारण शहर जळलं की भरपाई त्यांनाच द्यावी लागे. आगविमा कंपन्यांच्या राष्ट्रीय मंडळाने १९०५ मध्ये नमुना बांधकाम संहिता काढली. पुढे तीन प्रादेशिक संस्थांच्या तीन संहिता रूढ झाल्या. १९९४ मध्ये या संस्थांनी मिळून इंटरनॅशनल कोड कौन्सिल स्थापन केली आणि २००० मध्ये एकत्रित संहितांचा संच आला. अभियंत्यांची फौज नसलेल्या गावाला याचा मोठा आधार झाला. काही राज्यांत संहिता राज्यच ठरवतं. इतरत्र नगरसभा छोटा ठराव करून शेकडो पानांचं पुस्तक लागू करते. त्या पुस्तकाची नवी आवृत्ती दर तीन वर्षांनी येते, आणि ती वाचून, समजून घ्यायचं काम खिडकीवरच्या त्याच एका माणसाकडे येतं.

झोनिंगचा उगम सांगताना न्यूयॉर्कचं नाव हटकून येतं. १९१५ मध्ये तिथे इक्विटेबल बिल्डिंग ही उंच इमारत उभी राहिली, तिच्या सावलीत आजूबाजूच्या इमारती झाकोळल्या, आणि १९१६ मध्ये शहराने झोनिंगचा ठराव केला. पण देशभर झोनिंगला कायद्याचं बळ मिळालं ते क्लीव्हलँडला लागून असलेल्या युक्लिड नावाच्या छोट्या गावामुळे. क्लीव्हलँडचे कारखाने सरकत सरकत आपल्या दारात येतील, ही या गावाला धास्ती होती. म्हणून १९२२ मध्ये त्याने सगळ्या हद्दीचे विभाग पाडले. अँब्लर रिअल्टी या कंपनीची तिथे ६८ एकर मोकळी जमीन होती, एका बाजूला मुख्य रस्ता आणि दुसऱ्या बाजूला रेल्वे. गावाने तिचे पट्टे पाडले. रस्त्यापासून ६२० फुटांपर्यंत फक्त एक किंवा दोन कुटुंबांची घरं, पुढच्या १३० फुटांत फ्लॅटच्या इमारती चालतील, आणि उरलेल्या भागात उद्योग. कंपनीचं म्हणणं होतं की उद्योगासाठी एकरी १०,००० डॉलर मिळाले असते, निवासी ठरल्यावर २,५०० च्या वर कुणी देणार नाही.

खालच्या न्यायालयात कंपनी जिंकली. त्या न्यायाधीशांनी एक गोष्ट स्पष्ट लिहिली होती, की या नकाशाचा परिणाम शेवटी माणसांची त्यांच्या उत्पन्नाप्रमाणे वर्गवारी करण्यात होतो. नोव्हेंबर १९२६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी निकाल फिरवला. न्यायमूर्ती सदरलँड यांनी लिहिलं की उपद्रव म्हणजे कधी कधी योग्य वस्तू चुकीच्या जागी असणं, गोठ्याऐवजी दिवाणखान्यात डुक्कर असावं तसं. त्याच निकालपत्रात, घरांच्या वस्तीतल्या फ्लॅटच्या इमारतीला बांडगुळ म्हटलं आहे. हे वाचताना मला खालच्या न्यायाधीशांचं वाक्य आठवत राहतं. बाल्टिमोरने १९१० मध्ये वंशावरून वस्त्या वेगळ्या करणारा ठराव केला होता. तसले ठराव सर्वोच्च न्यायालयाने १९१७ मध्ये घटनाबाह्य ठरवले. पण किमान भूखंड मोठा ठेवणं आणि फक्त एका कुटुंबाच्या घराला परवानगी देणं कायदेशीर राहिलं, आणि ज्यांना ते परवडत नव्हतं ते आपोआप बाहेर राहिले.

मधल्या काळात व्यापारमंत्री हर्बर्ट हूवर यांच्या खात्याने राज्यांसाठी नमुना झोनिंग कायदा छापला होता. पाच सदस्यांचं अपील मंडळ ही त्यातलीच कल्पना, आणि सूट द्यायची तर पाचांपैकी चौघांची संमती हवी. मोठ्या शहरात हे पाच जण अर्जदाराला अनोळखी असतात. लहान शहरात त्यांच्यातला एखादा अर्जदाराचा शेजारी निघतो, आणि मग नियमापेक्षा ओळखीचं वजन जास्त पडायची भीती खरी असते.

तिसरा धागा, म्हणजे नियमभंगावरची कारवाई, रोगराईच्या भीतीतून आला. १९०१ मध्ये न्यूयॉर्क राज्याने दाटीवाटीच्या चाळींसाठी कायदा केला. उजेड, हवा, प्रत्येक घरात संडास या अटी घातल्या आणि शहरात तपासणीसाठी वेगळं खातं काढलं. १९५४ च्या गृहनिर्माण कायद्याने शहर-नूतनीकरणाच्या केंद्रीय पैशाला स्थानिक संहितांची अट जोडली, तेव्हा अनेक शहरांनी गृहसंहिता घाईने स्वीकारल्या. निरीक्षकाने कुणाच्या घरात कसं शिरायचं, हा प्रश्न १९६७ पर्यंत लोंबकळत होता. सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका भाडेकरूने वॉरंटशिवाय आलेल्या निरीक्षकाला पुन्हा पुन्हा नकार दिला होता. त्याच्या खटल्यात न्यायालय म्हणालं की घरमालक किंवा भाडेकरू नकार देत असेल, तर तातडीचा धोका सोडून एरवी वॉरंट हवंच.

एकटा निरीक्षक सगळं शहर हिंडू शकत नाही, म्हणून तो तक्रार येईल तिथे जातो. त्यामुळे कारवाई धोका कुठे आहे यावरून ठरत नाही, तक्रार कोण करतं यावरून ठरते. त्यात दंडाच्या पैशावर अंदाजपत्रक भागवायची सवय लागली की फार अन्याय होतो. मिसूरीतल्या सुमारे २१,००० वस्तीच्या फर्ग्युसन शहरात नेमकं हेच चाललं होतं, असं अमेरिकी न्याय खात्याच्या मार्च २०१५ च्या अहवालात नोंदलं आहे. जवळच्याच, त्याहून कितीतरी लहान असलेल्या पेजडेलमध्ये रहिवाशांना विजोड पडद्यांसाठी आणि खिडक्या-दारांच्या जाळीतल्या भोकांसाठी दंडाचे कागद मिळत होते. २०१५ मध्ये रहिवासी न्यायालयात गेले. २०१८ मध्ये तडजोड झाली. निरुपद्रवी गोष्टींना गुन्हा ठरवणारे नियम काढून टाकायचं आणि जुने खटले मागे घ्यायचं शहराने कबूल केलं.