‘टफन काच फुटत नाही’ : हे अर्धंच खरं आहे

“टफन आहे, हातोडा मारला तरी काही होत नाही,” हे टफन म्हणजे टफन्ड, कडक केलेल्या काचेबद्दल साइटवर वर्षानुवर्षं ऐकतोय. या भरवशावर काच कशीही टेकवली जाते आणि माणसं जखमी होतात.

ही काच 600 अंश सेल्सियसच्या वर तापवून हवेच्या झोताने झटकन थंड करतात. त्यामुळे वरचा थर दाबाखाली राहतो, आतला ताणाखाली. मधोमध ती बराच मार सोसते; पण कोपरा लादीवर नुसता टेकला, एखादा खडा टोचला, की अख्खं पॅनेल क्षणात खड्यांचा ढीग! म्हणून खाली लाकडी पट्टी किंवा रबर हवंच. टफन झाल्यावर ती कापता येत नाही, भोकही पाडता येत नाही. मापं आधीच पक्की करा.

वजनाचं भान तर कुणालाच नसतं. 12 मिमी काच चौरस मीटरला 30 किलो भरते, म्हणजे 7 बाय 4 फुटी दरवाजा जवळपास 78 किलोचा. न्यायची ती उभीच. सक्शन कप (काच उचलायची चिकटणारी रबरी पकड) लावण्याआधी धूळ पुसा. आणि निसटलीच तर कृपा करून पकडायला जाऊ नका, मागे सरका.

बाल्कनीच्या रेलिंगला लॅमिनेटेड टफनच मागा, म्हणजे दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा थर असलेली. फुटली तरी तुकडे मधल्या थराला चिकटून राहतात.